कासारीण हळू चालू लागली

"तुमची कासारीण जानेवारीत जशी चालत होती तशी आता चालत नाही," पाटसकर म्हणाले, आणि मगच त्यांनी पाणी मागितलं.

खरं तर पाणी आधी मागायला हवं होतं. एकेका पायरीवर थांबत, कधी कठड्याला तर कधी भिंतीला धरत ते आमचा जिना चढून आले होते. खांद्याला कापडी पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मंगळवारची सकाळ होती. येणार असल्याचं त्यांनी काही कळवलं नव्हतं. मिरजेत मुबीनच्या वडलांचं सतारींचं दुकान खाली आणि आमची एवढीशी खोली वर. वाट चुकलेलं गिऱ्हाईक अधूनमधून वर यायचंच. म्हणून मी दार उघडून त्यांना सांगू लागले की दुकान खाली आहे. तर त्यांनी हे वाक्य म्हटलं, आणि माझा हात कडीवरच राहिला.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, मुबीन माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघांनी मिळून एक व्हिडिओ गेम बनवला होता. मारामारीचा नव्हे, शोधाचा. चंद्रा नावाची एक कासारीण. तिची बहीण लहानपणीच कुठल्याशा गावाला दिली. ते गाव चंद्राला ठाऊक नाही, चेहराही आता आठवत नाही. आठवतो तो फक्त हात, कारण बांगड्या भरायला ती शिकली ती त्याच हातावर. म्हणून चंद्रा डोक्यावर पाटी घेऊन सात वाड्या फिरते, बायांना बांगड्या भरते आणि प्रत्येक हात ओळखीचा लागतो का ते बघते. खेळणाऱ्याने तेच करायचं. हात हातात घ्यायचा, अंगठ्याचं पेर दाबून बघायचं, बाईला बोलतं करायचं, नेमक्या मापाची बांगडी निवडायची. चुकलं की बांगडी वाढते, म्हणजे फुटते, आणि बाई गप्प होते.

एका वाडीहून दुसऱ्या वाडीला जाताना चंद्रा ओवी म्हणते. त्या ओव्या माझ्या. तासगावकडे ज्या बायकांत मी वाढले त्या शेंगा फोडताना, भांडी घासताना, कुणाची उणीदुणी काढतानाही ओवीतच बोलायच्या. मला दुसरं काही लिहिता येत नव्हतं. मुबीनने चंद्राला पाय दिले आणि मी गळा दिला. मी टेबलावर टिचक्या मारत ओवी म्हणायची आणि तो तिची पावलं त्या टिचक्यांवर बसवायचा. वडाखालून निघालेली चंद्रा विहिरीपाशी पोचायची तेव्हा नेमका ओवीचा शेवटचा शब्द पडायचा.

बाई चालता चालता पाय सांगती पायाला,
एक पाऊल वाटेला, एक बहिणीच्या गावाला.

'गावाला' म्हणतानाच ती डोक्यावरची पाटी उतरवायची. हे बसवायला आम्हाला नऊ दिवस लागले होते, आणि ज्या दिवशी बसलं त्या दिवशी आम्ही दोघं खाली जाऊन मुबीनच्या वडलांना, बशीर चाचांना, हाताला धरून वर घेऊन आलो होतो.

आमच्या कामाची एक रीत होती. मुबीनची फाइल मुबीनची, माझी माझी. त्याच्या फाइलमध्ये मला न कळणाऱ्या आज्ञा. माझ्या फाइलमध्ये बायकांचं बोलणं, ओव्या, आणि प्रत्येक वाटेपुढे एक आकडा: चंद्राने किती भरभर चालायचं तो. आकडा मुबीननेच माझ्या हवाली केला होता. ओवी तुझी आहे तर वेगही तूच ठरव, असं म्हणाला होता. मी सगळ्या वाटांपुढे दहा लिहिलं होतं. तो माझी फाइल कधी उघडायचा नाही. तसं कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं, पण दुसऱ्याने लावलेल्या वाद्याला विचारल्याशिवाय हात न लावणाऱ्यांच्या घरात तो वाढला होता.

पाटसकर जिना चढून आले त्याच्या तीन आठवडे आधी मी त्या सगळ्या दहांचे सहा केले होते. मुबीनला न सांगता.

इंटरनेटवरच्या ज्या मोठ्या दुकानात आम्ही गेम विकणार होतो, त्याचा नियम असा होता की घेतलेला गेम दोन तासांहून कमी खेळला असेल तर गिऱ्हाइकाने तो परत करावा. पैसे मिळतील, कोणी का म्हणून विचारणार नाही. मोठ्या कंपन्यांना त्याचं सुखदुःख नसतं, त्यांचे गेम चाळीस चाळीस तास संपत नाहीत. आमची चंद्रा बहिणीपाशी एक तास सदतीस मिनिटांत पोचायची. म्हणजे कोणीही पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळावं, बहिणींची भेट घडवावी, डोळे पुसावेत आणि उठून पैसे परत मागावेत.

आणि हैदराबादच्या एका कंपनीने मुबीनला नोकरीचं विचारलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. शुक्रवारीच आमचा गेम विक्रीला येणार होता. तो तरला तर मुबीन मिरजेत राहणार आणि आम्ही दुसरा करायला घेणार. नाही तर पहिल्या तारखेला तो हैदराबादला आणि मी पुन्हा शाळेत मराठी शिकवायला. मला शाळेची भीती नव्हती. ही खोली बंद होण्याची होती.

म्हणून मी आकडे बदलले. चंद्रा हळू चालू लागली. तिची वाट दोन तास सहा मिनिटांची झाली. मग मीच म्हटलं की किंमत अडीचशे नको, चारशे एकोणपन्नास ठेवू. मुबीनने फक्त विचारलं, लोक देतील? मी म्हटलं, देतील. त्या दिवसांत तो गप्प गप्पच होता. मला वाटायचं, हैदराबादचा घोर लागलाय.

पाटसकरांना मुबीनने आपली खुर्ची दिली आणि मी तांब्या-पेला दिला. हे पाटसकर कोण ते आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं, फक्त पाहिलं नव्हतं. नगरचे, वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. लहान, घरगुती, एकट्यादुकट्याने बनवलेल्या शोधाच्या गेमबद्दल ते एका ब्लॉगवर मराठीत लिहायचे. पुण्यातली कॉलेजची पोरं तो वाचायची, तिकडे अमेरिकेत गेलेली वाचायची, आणि त्यांनी चांगलं म्हटलेल्या गेमची बातमी मराठी न येणाऱ्यांपर्यंतही जायची. लेखाच्या शेवटी नेहमी तीन ओळी: लिहिलेली किंमत, भरलेलं माप, शेरा. शेरे तीनच होते. 'पूर्ण भरतं', 'सूट लागल्यावर घ्यावा', आणि 'जागेवर ठेवावा'. तिसरा शेरा मिळालेला एक पुण्याचा गेम आमच्या डोळ्यांदेखत बसला होता. विक्रीच्या आठवडाभर आधी समीक्षकांना प्रत पाठवायची रीत असते, तशी आम्ही त्यांनाही पाठवली होती.

"तुम्ही म्हणाल, हा म्हातारा एवढ्या लांब कशाला आला," पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले. "खात्यात असताना माझी एक पद्धत होती. कोणाचं वजन कमी भरलं, तर दुकानदाराला समोर उभं करून पुन्हा तोलायचो. त्याच्या पाठीमागे कागद रंगवायचा नाही. तेव्हा तोलू या. यंत्र लावा तुमचं."

पिशवीतून त्यांनी एक वही काढली आणि खेळाच्या मैदानावर शिक्षकांच्या गळ्यात असतं तसलं थांबणारं घड्याळ काढलं. मुबीनने गेम सुरू केला. वडाखालून चंद्रा निघाली. पाटसकरांनी घड्याळ दाबलं. ती विहिरीपाशी पोचली, पाटी उतरवली, त्यांनी पुन्हा दाबलं आणि घड्याळ आम्हाला दाखवलं. अठरा सेकंद.

जानेवारीत आम्ही पहिल्या वाडीपुरता नमुना फुकट वाटला होता. तो त्यांनी जपून ठेवला होता. त्यात चंद्रा हीच वाट अकरा सेकंदांत चालायची. हे त्यांनी चार वेळा तोललं होतं. आपल्या यंत्राचा दोष नको म्हणून मुलीच्या यंत्रावरही तोललं होतं. आणि नुसतं हळू असतं तर मी समजलो असतो, ते सांगू लागले. बाई दमली असेल, पाटी जड झाली असेल. पण पाऊल पूर्वीच्याच तालात पडतंय आणि वाट मात्र कमी सरतेय. ती चालत नाही, घसरते.

"आणि ओवी," ते म्हणाले. मी खाली बघत होते. "ओवी विहिरीशी संपायची. आता वाटेतच संपते. पुढे सात सेकंद बाई काहीच म्हणत नाही. उगाच चालते. ही ओवी ज्याने बसवली तो हे असं सोडणार नाही. म्हणून मला वाटलं, मधे कोणीतरी हात घातलाय. किंमत चारशे एकोणपन्नास वाचली, दोन तासांचा नियम मला ठाऊक आहे, आणि एकूण वेळ भरला दोन तास सहा मिनिटं. खात्यात असतो तर इथेच थांबलो असतो. पण नमुना चांगला होता हो तुमचा. फार चांगला होता."

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते असं मला आजही वाटतं. पण त्याआधी मुबीन बोलला.

"चूक माझी आहे, साहेब."

तो उभा होता, हात मागे बांधून, मास्तरांसमोर उभा राहावा तसा.

"तीन आठवडे झाले. अचानक ती हळू चालायला लागली. मी कोड तीनदा सुटा करून पुन्हा बांधला. यंत्र बदललं, माझ्या फाइलच्या जुन्या प्रती काढून ओळीशी ओळ लावून बघितली. मला चूक सापडत नाही." मग तो माझ्याकडे वळला. "सुनेत्रा, तुला बोललो नाही. तू किंमत वाढवायचं म्हणत होतीस, तुझा एवढा विश्वास, आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो की मला साधं चालणं दुरुस्त करता येत नाहीय."

पाटसकरांनी त्याला विचारलं की मग शुक्रवारी हे असंच विकणार होतात का. मुबीन म्हणाला की गुरुवारपर्यंत बघणार होतो. नाही सापडलं तर पानावर तसं लिहिणार होतो. आणि तसंही, तो म्हणाला, मी शुक्रवारी हैदराबादला होकार कळवतोय. तिथे वर माणसं असतात, चुका बघून द्यायला.

"ज्याला स्वतःची चूक सापडत नाही त्याने लोकांकडून पैसे कशाला घ्यायचे, साहेब?"

तीन आठवड्यांच्या सकाळी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. मी नऊला यायची तेव्हा तो आधीच येऊन बसलेला असायचा. चहा तसाच निवलेला. मी आले की पडद्यावरचं काहीतरी पटकन मिटायचा. एकदा तर तो म्हणाला होता, सुनेत्रा, माणसाचा हात उतरतो का गं? अब्बा म्हणतात, तार लावणाऱ्याचा कान एखाद दिवशी उतरतो, तसा? आणि मी म्हटलं होतं, झोप काढ जरा.

त्याच्या हाताला काहीच झालेलं नव्हतं. मी उचललेलं माप तो स्वतःच्या अंगावर तोलत बसला होता.

पाटसकर माझ्याकडे बघत होते. काट्यावर माल असताना काट्याकडे न बघता दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघायची सवय असावी त्यांची. तांब्या उचलून त्यांनी उरलेलं पाणी पेल्यात ओतलं, अगदी सावकाश, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

"मुबीन," मी म्हटलं, "कोडमध्ये काही नाहीय. आकडा माझ्या फाइलमध्ये आहे. मी दहाचे सहा केले."

त्याला ते कळायला वेळ लागला. "कुठल्या वाटेचे?"

"सगळ्या."

"कधी?"

मी तारीख सांगितली. तो मनात दिवस मोजत होता हे मला दिसत होतं, आणि ते दिवस कुठे जाऊन भिडतात तेही. मला वाटलं आता तो जिना उतरून जाईल. मी दाराची वाट मोकळी करून उभी राहिले.

"म्हणजे कोडमध्ये काहीच नाही?" तो म्हणाला.

"काहीच नाही."

"तपासलंयस तू?"

"तपासायचं काय, मीच केलंय. मी पुन्हा दहा केले की ती चालेल."

मुबीन भिंतीला पाठ लावून घसरत खाली बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. पाटसकरही खुर्चीतून अर्धे उठले. मग त्याने हात काढले, तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होता.

"बरोबर होतं," तो म्हणाला. "अल्ला, सगळं बरोबर होतं. मी बरोबरच बांधलं होतं."

असं तो तीन-चार वेळा म्हणाला. दरवेळी हळू. पाठीवरचं ओझं एकदम टाकलं की माणूस दणकन बसतो. तो मात्र एकेक गाठ सोडवत उतरवत होता. आणि माझी गंमत अशी, की पकडली गेलेली मी, लाज वाटायला हवी ती मला, आणि लाज वाटतही होती, पण तिच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

राग मागाहून आला, तोही थोडका. तो म्हणाला, मला विचारलं असतंस तर मी करू दिलं नसतं. मी म्हटलं, म्हणूनच विचारलं नाही.

"हैदराबादसाठी केलंस?"

मी मान हलवली.

"आणि त्यामुळेच मी हैदराबादला निघालो होतो," मुबीन पाटसकरांना म्हणाला. "बघा साहेब, हिचं काम."

पाटसकर हसले नाहीत. पण वहीत लिहायला घेतलेलं पेन त्यांनी टोपण लावून खिशात ठेवलं.

मी फाइल उघडली. त्या दोघांच्या समोर एकेका वाटेपुढचा सहा खोडून दहा केला. त्रेचाळीस वाटा होत्या. मुबीन पहिल्यांदाच माझी फाइल बघत होता. मधेच एका ओवीवर त्याने बोट ठेवलं, ही मी ऐकलीच नाही कधी, म्हणाला. ती पाचव्या वाडीची होती. खेळणाऱ्याने तिथे चंद्राला खाली बसवलं तरच ती ऐकू येते, आणि मुबीन तिथे कधी थांबलाच नव्हता.

हात मऊ, हात राठ, हात हळदीच्या रंगाचा,
माझ्या बयेच्या हाताला वास जोंधळ्या पिठाचा.

मग चंद्रा वडाखालून निघाली. पाटसकरांनी घड्याळ दाबलं. ती चालली, ओवी चालली, पाऊल आणि शब्द एकमेकांचं बोट धरून गेले, आणि 'गावाला' म्हणताना तिने पाटी उतरवली. पाटसकरांचं घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं. ते त्यांच्या मुठीत चालू होतं.

"एवढं चाललो असेन मी," ते म्हणाले, "आमच्या घरापासून कोपऱ्यापर्यंत. आता तेही होत नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलीने हे गेम लावून दिले, की बसल्या जागी फिरा. म्हणून मला राग आला होता. जेवढं चालणं वाट्याला येतंय तेवढं तरी नीट मिळावं."

मी त्यांना विचारलं की मग आता किंमत काय ठेवावी. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. ते मला विचारू नका, म्हणाले. मी तीस वर्षांत कोणाला किंमत सांगितली नाही. पाटीवर काय लिहिलंय आणि आत काय भरलंय ते जुळतं का, एवढंच मी बघतो. नवी प्रत गुरुवारी संध्याकाळपर्यंत मिळाली तर तीच तोलीन. आणि आजचं लिहिणार का, असं मनात असेल तर तेही विचारू नका.

मुबीन त्यांना हाताला धरून खाली सोडून आला. येताना तो नेहमीसारखा दोन पायऱ्या एका ढांगेत चढत होता. ते मी तीन आठवड्यांनी ऐकत होते. आत येऊन त्याने मला शिक्षा सुनावली. जुनी, सहाच्या वेगाची प्रत मी त्याच्यासमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायची. मधे उठायचं नाही.

खेळले. दोन तास सहा मिनिटं. दुसऱ्या वाडीपर्यंत मी हसत होते, तिसऱ्या वाडीला जांभया द्यायला लागले, चौथीच्या वाटेवर मला माझ्याच चंद्राचा राग आला. ओवी संपून जायची आणि पुढे ती मुकी, नुसती घसरत, आणि मी पडद्याला म्हणत होते, चल बाई, चल. मुबीन शेजारी बसून शेंगा खात होता. शेवटी बहिणींची भेट झाली तर माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. तोच प्रसंग लिहिताना मी आठवडाभर रडले होते.

"कळलं?" मुबीनने विचारलं.

"कळलं."

मग आम्ही किमतीला बसलो. त्याचं म्हणणं अडीचशे, माझं आता दीडशे, कारण चोराला स्वतःचा माल स्वस्तच वाटतो. शेवटी एकशे नव्याण्णववर ठरलं. पण त्याने एक अट घातली. विक्रीच्या पानावर अगदी वर, चित्राच्याही आधी, लिहायचं: हा गेम दीड तासाचा आहे. मी म्हटलं, असं कोण लिहितं? बाकीचे 'तासन्‌तास' लिहितात. तो म्हणाला, तू ओव्या लिहितेस ना, मग ही एक ओळ लिही. आणि ती लिहिली गेली.

शुक्रवारी पाटसकरांचा लेख दहाला येणार होता आणि गेमही दहालाच विक्रीला लागणार होता. मी साडेनऊला पोचले तर मुबीन यंत्रावर पत्र लिहून बसलेला. हैदराबादला. नाही म्हणून.

मी त्याला म्हटलं, अर्धा तास थांब, लेख तरी येऊ दे. मला खरंच तसं वाटत होतं. उगाच धीट बोलायची माझी छाती नव्हती.

"लेखाचं लेखापाशी," तो म्हणाला. "लोक घेतील, परत करतील, ते त्यांचं. मला एवढंच पाहिजे होतं गं, की मला येतं का नाही येत. येतं." आणि त्याने पत्र पाठवून दिलं.

दहाला लेख आला. मी मोठ्याने वाचायला घेतला. पाटसकरांची भाषा कोरडी, पंचनाम्यासारखी. वाड्या सात, वाटा त्रेचाळीस, बांगड्यांची मापं खरी आहेत, घरातल्या बायकांना विचारून खात्री केली. मग एक वाक्य होतं: 'विक्रीआधी एका प्रतीत चालण्याचं माप कमी भरत होतं. बनवणाऱ्यांनी माझ्यासमोर ते आपणहून कबूल करून दुरुस्त केलं.' बनवणाऱ्यांनी, असं लिहिलं होतं. एकीने, असं नाही. मी तिथे थांबले आणि मुबीनला म्हटलं, ऐकलंस? तो काही बोलला नाही. मी पुढे वाचत राहिले. शेवटच्या तीन ओळींशी आले.

'लिहिलेली किंमत: एकशे नव्याण्णव रुपये. भरलेलं माप: एक तास सदतीस मिनिटं. त्यानंतरही मी बराच वेळ उठलो नाही, तो वेळ यात धरलेला नाही. शेरा: पूर्ण भरतं.'

वळून बघितलं तर मुबीन झोपला होता. सतारींना गुंडाळायच्या जुन्या गोधड्यांचा ढीग कोपऱ्यात असायचा, त्यावर, तोंड उघडं, एक पाय जमिनीवर. कुठल्या ओळीला झोपला ते कळलं नाही.

मी एकटीच पडद्यासमोर बसले. गेम विकला जात होता, सावकाश, पण जात होता. परतही येत होता. दुपारपर्यंत अकरा परत आले. परत करताना कारण लिहायची एक चौकट असते. त्यात एकाने लिहिलं होतं, 'बहीण भेटली. आता ठेवून काय करू?' मला एवढं हसू आलं की मुबीन जागा होईल म्हणून मी पदराचा बोळा तोंडात धरला. चंद्राला शेवटपर्यंत पोचवून गेला होता तो माणूस. जाऊ दे.

दोनच्या सुमारास बशीर चाचा वर आले. दारातच थांबले. हाताला लाखेचे डाग, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी लेकाकडे बघितलं आणि मग मला खुणेनेच विचारलं, काय झालं?

मी हळू आवाजात सांगितलं की पास झालो.

ते आत आले, मुबीनचा लोंबकळता पाय उचलून त्यांनी गोधडीवर ठेवला. तरी तो जागा झाला नाही. चाचा थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले.

"खाली हैदराबादवाल्यांचा फोन आलता, दुकानाच्या नंबरवर," ते म्हणाले. "पत्र मिळालं म्हनं. पन एकदा बोलायचंय म्हनत्यात, पगार वाढवून देतो म्हनत्यात. परत फोन करतील पाच मिंटांत."

"उठवू का त्याला?"

"नको, नको. निजू दे. मीच बोलतो."

"काय सांगणार, चाचा?"

चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि जिन्याकडे वळले.

"सांगतो, पोरगं कामावर हाय."